डाएटच्या आधीचे सहा आठवडे: वजन उतरवण्यासाठी मनाची तयारी कशी करावी

रात्रीचे पावणेदहा. सगळ्यांची जेवणं झालेली. कढईत दोन घास वांग्याची भाजी, कुकरच्या भांड्यात वाटीभर भात, मुलाच्या ताटात अर्धी पोळी. एवढ्याशासाठी वेगळा डबा कोण काढणार, आणि अन्न टाकायचं नाही हे तर लहानपणापासून अंगात मुरलेलं. मग ओट्याशी उभ्या उभ्या ते सगळं माझ्या पोटात जायचं. वर्षानुवर्षं. त्या वर्षांत मी चार वेळा डाएट सुरू केलं. चारही वेळा तक्त्यात नाश्ता होता, दुपारचं जेवण होतं, रात्रीचं होतं. ओट्यावरचं हे जेवण मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हतं, कारण तेही एक जेवण आहे हे माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

मी साताऱ्यात राहते, बँकेत नोकरी करते, वय ४७. पाचव्या खेपेला मी डाएट सुरूच केलं नाही. सहा आठवडे नुसती तयारी केली. त्यानंतर चौदा महिन्यांत ८३ किलोचे ७२ झाले आणि पुढची दोन वर्षं काटा त्याच्याच आसपास आहे. आकडा फार मोठा नाही, पण टिकलाय. मैत्रिणी विचारतात, "काय खातेस?" मला सांगावंसं वाटतं ते त्याच्या आधीचं आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याकडे घराघरात 'दीक्षित की दिवेकर' हा वाद रंगला होता. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत, दिवसातून दोनदाच जेवा, दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. मी दोन्ही करून पाहिलं आणि दोन्ही तिसऱ्या आठवड्यात सोडलं. दोष दोघांपैकी कुणाचाच नव्हता. ज्या मनानं मी सुरुवात करत होते ते मन स्वतःवर चिडलेलं होतं. सोमवारपासून स्वतःला शिक्षा द्यायची, एवढाच माझ्या डाएटचा अर्थ होता. आणि शिक्षा माणूस किती दिवस भोगतो? सुटका मिळेल तेवढेच. आपल्या भाषेत आरंभशूर हा शब्द आहे, नव्याचे नऊ दिवस ही म्हण आहे, कळतं पण वळत नाही हे तर दिवसातून एकदा तरी कानावर येतं. म्हणजे हा घोळ जुनाच आहे. 'वळण्या'साठी काय करायचं, ते खाली क्रमानं लिहिते. सहाच आठवडे लागतील असं नाही, कुणाला चार लागतील, कुणाला दहा. क्रम मात्र बदलू नका.

सगळ्यात आधी: डॉक्टरांची एक भेट

मनाची तयारी म्हणताना रक्ततपासणी कुठून आली, असं वाटेल. पण थायरॉईड मंदावलेला असेल तर माणूस महिनोन्‌महिने स्वतःला आळशी म्हणत राहतो आणि दोष असतो एका ग्रंथीचा. तेव्हा थायरॉईड, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी आणि हिमोग्लोबिन एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. पाळी अनियमित असेल तर पीसीओडी या अंडाशयाच्या विकाराबद्दल बोला. रात्री जोरजोरात घोरत असाल आणि सकाळी झोप झाल्यासारखं वाटत नसेल तर तेही सांगा. स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या यांनी वजन वाढू शकतं. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांशी बोला, पण मनानं बंद करू नका. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी तर जेवण एकदम कमी करण्याआधी विचारायलाच हवं. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

"मी काही जाड नाही, जरा पोट आहे एवढंच" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांचं २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, ही आपल्याकडच्या शरीराची ठेवण आहे. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात, आणि कमरेचा घेर बायकांचा ८० सेंटीमीटरच्या, पुरुषांचा ९० सेंटीमीटरच्या आत असावा असं सांगतात. शिंप्याची टेप घ्या, बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये धरा, पोट आत न ओढता श्वास सोडा आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वही साधी, शंभर पानी. पुढे सगळं तिच्यातच लिहायचंय.

पहिला आठवडा: स्वतःशी चाललेलं भांडण थांबवा

या आठवड्यात खाण्यात काहीही बदल करायचा नाही. फक्त एकच काम. वजनावरून तुम्ही मनात स्वतःला जे जे बोलता ते वहीत जसंच्या तसं उतरवायचं. मी लिहिलं तेव्हा चार दिवसांत पान भरलं. "तोंडावर ताबाच नाही." "ब्लाउज बघ कसा दिसतोय." "तुझ्यानं कधी काही पुरं झालंय का?" मग प्रत्येक वाक्यासमोर लिहायचं: माझी धाकटी बहीण याच अडचणीत असती तर मी तिला काय म्हणाले असते? मी लिहिलं, "दिवसभर धावत असतेस, भूक लागणारच. चल, बघू काय करता येतं." हे लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत मी स्वतःशी एकदाही असं बोलले नव्हते.

जादा खाणं म्हणजे हावरटपणा, हे आपल्या मनात घट्ट बसलेलं आहे. ते उखडायला मला एका जुन्या प्रयोगाची फार मदत झाली. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. सगळे स्वखुशीनं आलेले, धडधाकट. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशानं घटलं. पण त्याच वेळी ती मुलं दिवसरात्र फक्त अन्नाबद्दल बोलायला लागली. पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागली, थाळ्या चाटू लागली, चिडचिडी आणि उदास झाली. प्रयोग संपल्यावर कितीतरी दिवस त्यांचं पोट भरल्यासारखं होईना. ती मुलं हावरट नव्हती. उपाशी शरीर मनाला असंच वागायला लावतं. तुम्ही सोमवारी दोन फुलके आणि काकडीवर दिवस काढून गुरुवारी रात्री फरसाणाचा डबा संपवला असेल, तर तुमच्या शरीरानं तेच केलं.

हा आठवडा घाईनं उरकू नका. मला विचाराल तर बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

दुसरा आठवडा: आपलं स्वतःचं कारण

'बारीक व्हायचंय' हे कारण नाही. 'भाचीच्या लग्नात पैठणी नीट बसावी' हे कारण आहे, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते संपतं. डॉक्टर म्हणाले म्हणून, नवरा म्हणाला म्हणून, नणंद हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर "केवढी सुटलीस गं!" म्हणाली म्हणून, ही सगळी दुसऱ्यांची कारणं. त्यांचा राग असेपर्यंत माणूस चालतो, राग विझला की थांबतो.

माझं कारण मला दवाखान्यात सापडलं. आई ७६ वर्षांची, खुब्याचं हाड मोडलेलं. तिला पलंगावरून खुर्चीत बसवायचं होतं. मी तिच्या काखेत हात घालून उचललं आणि बसवलं, आणि नंतर मीच भिंतीला टेकून धापा टाकत राहिले. आई म्हणाली, "बस गं जरा." हिला पुढची पाच-दहा वर्षं मीच उचलणार आहे आणि माझेच गुडघे बोलायला लागलेत, एवढं त्या क्षणी स्वच्छ दिसलं. गुडघ्याचा हिशेब असा आहे की वजन एक किलो कमी झालं, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हे वाचल्यावर 'तीनच किलो तर उतरले' असं मी कधी म्हटलं नाही.

कारण शोधताना त्याला दोन प्रश्न विचारून बघा. जगात मला बघायला कुणी नसतं, तरी हे मला हवं असतं का? आणि जुलैतल्या पावसात पहाटे पावणेसहाला हे कारण मला अंथरुणातून उठवेल का? मांडी घालून जमिनीवर बसता यावं, सप्तशृंगीच्या पायऱ्या चढाव्यात, दुसऱ्या मजल्यावर न थांबता जावं, नातवाला कडेवर घ्यावं, आईसारखा मधुमेह पन्नाशीच्या आत लागू नये. अशी डोळ्यांसमोर उभी राहणारी कारणं टिकतात. एकच निवडा आणि एका ओळीत लिहा.

आता याच आठवड्यातलं दुसरं काम, जे सहसा कुणी करत नाही. पानावर मध्ये रेघ मारा, डावीकडे ते कारण लिहा आणि उजवीकडे लिहा: वजन कमी करताना माझं काय जाईल? प्रामाणिकपणे लिहा. माझ्या यादीत पहिलं होतं, संध्याकाळी साडेसहाचा गॅलरीतला चहा. समोर फरसाणाची प्लेट, बाजूला नवरा. दिवसभरात आम्ही दोघं नीट बोलतो ती हीच अर्धी घटका. आधीच्या चारही वेळा मी डाएटसाठी तो चहाच बंद केला होता, आणि आठवड्याभरात मला उदास का वाटतं ते कळत नव्हतं. या वेळी चहा ठेवला, गप्पा ठेवल्या, फरसाणाच्या जागी मूठभर भाजके चणे आले. जे जाणार आहे ते आधी दिसलं, तर त्यातलं खरं मोलाचं काय ते वाचवता येतं.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये, सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून, सवय बदलण्याचे टप्पे मांडले होते. नुसता विचार चालू असणं, तयारी करणं आणि प्रत्यक्ष करणं हे वेगवेगळे टप्पे आहेत. करू की नको अशा टप्प्यावरच्या माणसाच्या हातात थेट आहाराचा तक्ता दिला, तर तो तक्ता फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहतो. उजवी बाजू लिहून झाल्यावरही डावी जड वाटली तर पुढे चला. नाही वाटली तर थांबा, आणखी दोन आठवडे विचार करा. त्यात कमीपणा काही नाही.

तिसरा आणि चौथा आठवडा: फक्त लिहा

दोन आठवडे तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहायची. अजूनही बदलायचं काहीच नाही. कॅलरी मोजायच्या नाहीत, स्वतःला गुण द्यायचे नाहीत. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी: किती वाजता, काय, बसून की उभ्यानं, कुणाबरोबर, आणि भूक किती होती, शून्य ते दहा. लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही. रात्री आठवताना मन बरोबर तेवढंच गाळतं जेवढं बघायला हवं असतं.

माझ्या वहीतला एक मंगळवार इथे देते.

सकाळी ६:१०, चहा, दोन चमचे साखर, उभ्यानं, एकटी, भूक ३. ८:२०, मुलाच्या डब्यातल्या पराठ्याचा उरलेला तुकडा, उभ्यानं, भूक २. ९:००, पोहे, डबा भरता भरता, भूक ६. ११:१५, बँकेत चहा, बरोबर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, भूक १. १:४५, डबा, बसून, भूक ८. ४:००, चहा. ६:३०, चहा आणि फरसाण, भूक ५. ७:१५, कणीक मळताना फ्रिजमधला कंदी पेढा, भूक ४, डोकं दुखत होतं. ९:००, जेवण, बसून. ९:४५, ओटा. भात, भाजी, अर्धी पोळी. भूक ०.

त्या शेवटच्या शून्याकडे मी बराच वेळ बघत बसले. चौदा दिवसांतल्या अकरा रात्री तो होता.

दोन आठवड्यांनी पानं उलटून बघा. बहुतेक घरांत मुख्य जेवणं ठीकच असतात. वजन येतं ते दोन जेवणांच्या मधल्या फटींतून. माझे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला साधारण ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोजचं सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. हे आकडे माहीत असावेत म्हणून सांगितले. या टप्प्यावर त्यांच्यावर तुटून पडू नका.

त्यापेक्षा भुकेचा रकाना वाचा. पोटाची भूक हळूहळू चढते आणि भाजी-भाकरीनंही भागते. तोंड चाळवलेलं असतं तेव्हा भाजी-भाकरी नको असते, चमचमीतच हवं असतं. तिसरी भूक मनाची. माझी संध्याकाळी सव्वासातला यायची. बँकेतून आलेली, स्वयंपाक पुढ्यात, डोकं दुखतंय, आणि दिवसभरात 'माझं' असं काहीही झालेलं नाही. त्या वेळी पेढा ही एकमेव गोष्ट होती जी कुणी मागत नव्हतं. हे उमगल्यावर मी पेढ्यावर बंदी घातली नाही. घरी आल्यावर दहा मिनिटं खोलीचं दार लावून आडवी पडायला लागले. पहिल्या दिवशी सासूबाई विचारायला आल्या, बरं नाही का म्हणून. सांगितलं, "काही नाही आई, दहा मिनिटं पाठ टेकते." पेढे आपोआप निम्म्यावर आले. आणखी एक, ज्या रात्री झोप पाच तासांपेक्षा कमी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी वहीचं पान जास्त भरलेलं असायचं. अपुऱ्या झोपेनं भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं कमी होतं. ते आपल्या वहीतही दिसतं.

पाचवा आठवडा: एक बदल, एकच

आता वहीतली सगळ्यात वारंवार येणारी आणि सगळ्यात कमी आनंद देणारी नोंद शोधा. ती पहिली बदलायची. माझ्याकडे ती ओट्यावरची होती. पेढा मला आवडतो, गार भात नाही.

'उरलेलं खायचं नाही' असा निश्चय मी याआधी केला असता. निश्चय रात्री पावणेदहाला दमलेला असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ च्या लेखात दाखवून दिलं की नुसतं 'मी अमुक करीन' ठरवण्यापेक्षा 'अमुक घडलं की मी तमुक करीन' असं ठरवलेलं प्रत्यक्षात कितीतरी जास्त उतरतं. प्रसंगच आठवण करून देतो, मनाला ढकलावं लागत नाही. माझं वाक्य असं झालं: "शेवटचं ताट उचललं की उरलेलं आधी डब्यात, मग ओट्याला हात." आणि त्यासाठी दोन छोटे स्टीलचे डबे संध्याकाळी स्वयंपाकाला लागतानाच गॅसशेजारी काढून ठेवायला लागले. डबा शोधायचा कंटाळा हाच तर त्या सवयीचा आधार होता. उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होऊ लागला, पोह्यांचं काम वाचलं, आणि अन्न टाकल्याची टोचणीही राहिली नाही.

तुमची वाक्यं तुमच्या वहीतून यायला हवीत. "चहाचं आधण ठेवलं की साखर एकच चमचा." "ऑफिसात केक आला की आधी पाण्याची बाटली उचलायची, मग ठरवायचं." "रात्रपाळीहून निघालो की वडापावच्या गाडीच्या पलीकडच्या बाजूनं." घटना नेमकी हवी. 'संध्याकाळी' ही घटना नाही, 'चपला काढल्या की' ही घटना आहे.

किती दिवसांत अंगवळणी पडेल? २१ दिवस हा आकडा विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ इतका फरक होता. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर बसली, व्यायामाची उशिरा. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवय बसण्यात काही फरक पडला नाही. हे शेवटचं वाक्य मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

चालणं सुरू करायचं असेल तर तेही इतकंच छोटं ठेवा. अजिंक्यताऱ्याच्या चढावर पहिल्याच दिवशी निघालेल्या कितीतरी जणी आठवड्यात गुडघे धरून बसलेल्या मी पाहिल्यात. मी पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं सपाटीवर चालले. जमतंय हे पायांना आधी कळू दे.

सहावा आठवडा: घरची माणसं, सणवार आणि मोडलेला दिवस

आपल्याकडे माया ताटातून वाढली जाते. "एवढंच? बरं नाही का?" या वाक्यामागे प्रेम असतं, म्हणून तिथे भांडून उपयोग नाही. मी सासूबाईंना एका निवांत दुपारी, जेवणाच्या वेळी नव्हे, सांगितलं, "आई, माझे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. तुम्ही मला आधी निम्मंच वाढा, लागलं तर मी मागून घेईन." मदत मागितल्यावर त्या माझ्या बाजूला आल्या. आता पाहुण्यांनी आग्रह केला तर त्याच म्हणतात, "तिला नको, ती मागून घेते." डाएट करतेय असं सांगितलं असतं तर त्यांनी चार दिवसांत मोडायला लावलं असतं. गुडघे त्यांचेही दुखतात.

सगळ्यांना सांगत सुटू नका. रोज ज्यांच्या पंक्तीला बसता त्यांना सांगा, आणि एक अशी व्यक्ती निवडा जिला वाईट दिवसही सांगता येईल. टोमणे मारणाऱ्या नातेवाइकांसाठी एक उत्तर तयार ठेवा. माझं आहे, "हो, बघतेय मी त्याचं." आणि विषय बदलायचा.

सण संपू देत मग सुरू करू, हा विचार तर सगळ्यांच्याच मनात येतो. कॅलेंडर उघडून बघा. श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार, संक्रांत, लग्नसराई, मग आंबे. मोकळा महिना सापडणार नाही, तेव्हा सणांसकटच ठरवायचं. चतुर्थीला उकडीचे मोदक मी खाते. दोन, वर तुपाची धार सोडून, पाटावर बसून, अगदी मन लावून. त्याचा हिशेब करत नाही. पाचव्या दिवशी फ्रिजच्या दारात उभं राहून खाल्लेले प्रसादाचे पेढे मात्र सण नाहीत, तो ओटाच आहे. उपवासाचंही तसंच. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात शेंगदाणे, तूप, बटाटा. उपवास श्रद्धेनं करा, वजनासाठी करू नका.

आणि एक दिवस सगळं मोडणार आहे. हे आत्ताच मान्य करून त्या दिवसासाठीचं पान आधीच लिहा. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काहींना आधी मिल्कशेक प्यायला देऊन मग आइस्क्रीम पुढे ठेवलं. जे एरवी खाण्यावर लगाम ठेवणारे होते त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं. उपवास चुकून मोडला की आपण "आता मोडलाच आहे तर" म्हणून ताट भरून घेतो, अगदी तेच. माझ्या पानावर तीन ओळी आहेत. पुढचं जेवण नेहमीसारखं, कमीही नाही. उद्या लंघन नाही. वहीत लिहायचं, रागावायचं नाही. दिराच्या घरच्या वास्तुशांतीला मी जिलब्या मोजल्या नव्हत्या आणि मसालेभात तीनदा घेतला होता. रात्री हे पान उघडलं, वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोजचा फोडणीचा भात खाल्ला. आधीच्या चारही डाएटांचा शेवट अशाच एका दिवशी झाला होता.

काट्याशी कसं वागायचं

सहा आठवड्यांत काट्यावर उभं राहिलं नाही तरी चालेल. नंतर आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. खारट जेवण, पाळीचे दिवस, बद्धकोष्ठ यांनी दोन दिवसांत एक-दोन किलो वर-खाली होतात. ते पाणी असतं. कडक डाएटच्या पहिल्या आठवड्यात झपाट्यानं उतरणारे किलोही बरेचसे पाणीच असतात, म्हणून पुढच्या आठवड्यात काटा थांबला की धीर सुटतो. पहिलं ध्येय आत्ताच्या वजनाच्या पाच ते सात टक्के ठेवा. ८३ किलोला ते चार ते सहा किलो होतं.

काटा हलत नाही म्हणजे काहीच घडत नाही, असंही नसतं. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. खाणं आणि चालणं सुधारणाऱ्यांमध्ये मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि त्यांच्या वजनात मात्र म्हणावा असा फरक नव्हता. माझा काटा पाचव्या महिन्यात सात आठवडे जागचा हलला नव्हता. त्या काळात मी कमरेची टेप लावत राहिले.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. लपून खाणं, थांबवता न येणं, खाल्ल्यावर उलटी काढणं, किंवा दिवसभर दुसरा विचारच न सुचणं यातलं काही होत असेल तर हे सहा आठवडे तुमच्यासाठी नाहीत. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

सातव्या आठवड्यात

आता आहाराची पद्धत निवडा. आहारतज्ज्ञांकडे जाणार असाल तर वही बरोबर न्या. त्या वहीवरून तुमच्याच स्वयंपाकघराला बसेल असं काहीतरी सुचवता येतं, नाहीतर साताऱ्यातल्या बाईच्या तक्त्यात ब्रोकोली आणि ॲव्होकॅडो येतात. पद्धत कुठलीही असो, तिला काही प्रश्न विचारा. घरात वेगळा स्वयंपाक करावा लागेल का? बँकेच्या ऑडिटच्या आठवड्यात हे जमेल? गणपतीत काय? मी आजारी पडले तर काय? रात्री झोपताना पोटात भुकेचा खड्डा पडलेला असेल का? पुढच्या वर्षीही मी असं खात असेन का? दोनापेक्षा जास्त उत्तरं वाईट आली, तर ती पद्धत कितीही गाजलेली असली तरी तुमची नाही. मी शेवटी जी निवडली तिला नावही नाही. दोन भाज्या, एक उसळ किंवा वरण, एक भाकरी, ताक, आणि रात्रीचं जेवण आठच्या आत. पहिल्या महिन्यात सव्वा किलो उतरलं, आणि डबे अजून रोज संध्याकाळी गॅसशेजारी निघतात.